पोकळ भिंत

वादळानं मशिदीचे पत्रे उडवून नेले, तेव्हा गावात कुणी फारशी हळहळ केली नाही. उन्हाळ्यात त्या पत्र्यांखाली दुपारची नमाज म्हणजे तापल्या तव्यावर बसून अल्लाचं नाव घेण्याचा प्रकार होता. म्हातारी माणसं सजद्यात कपाळ टेकायची आणि फरशीचा चटका बसला की वेळेआधीच वर उठायची. इमाम साहेबांचं शुक्रवारचं प्रवचन दर उन्हाळ्यात आखूड होत होत शेवटी ‘एकमेकांना सांभाळून राहा’ एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. विजेचं तर बोलायलाच नको. ती सकाळी पाहुणीसारखी यायची आणि ऊन चढायच्या आत निघून जायची.

नवी मशीद बांधायची हे ठरायला वेळ लागला नाही. कशी बांधायची, यावर मात्र गावाची डोकी तापली.

कमिटीचे अध्यक्ष होते सिमेंटचे दुकानदार. गाव त्यांना सिमेंटशेठ म्हणायचं, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. शेजारच्या गावातली मशीद त्यांच्या डोळ्यांत भरली होती. जाड स्लॅब, वर हिरवा घुमट, खिडक्यांना निळ्या काचा. आपल्याला तशीच हवी, फक्त घुमट वीतभर मोठा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या मशिदीतली माणसं उन्हाळ्यात आत शिरण्याऐवजी बाहेर झाडाखाली नमाज पढतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पण झाडाखालून घुमट जास्त चांगला दिसतो, असं त्यांचं मत पडलं.

दुसऱ्या बाजूला होते मिस्त्री. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. गुडघ्यांनी दगा दिला होता, शिडी चढताना ते प्रत्येक पायरीला चार शब्द सुनवायचे. पण ओळंबा हातात आला की हात हलत नसे. आणि मिस्त्रींच्या घरात होती त्यांची सून, शहरात राहून इमारतींचे नकाशे काढायला शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत कपड्यांपेक्षा कागदाच्या गुंडाळ्या जास्त निघाल्या. सासूनं एक उलगडली, आधी सुलटी आणि मग उलटी धरून पाहिली आणि म्हणाली, “असू दे. भरतकामापेक्षा बरं, डोळे कमी जातात.” गावानं तिचं नाव नकाशावाली ठेवून टाकलं.

मशिदीचा पहिला नकाशा मात्र तिनं कागदावर काढला नाही. स्वयंपाकघराच्या जमिनीवर काढला, चुलीतल्या कोळशानं.

“अब्बा, आपल्याकडे उन्हाळ्यात वारा कुठून येतो?”

“समोरून. किबल्याच्या बाजूनं. नमाजेला उभं राहिलं की थेट तोंडावर.”

“आणि नेमकी तीच भिंत आपण गच्च बंद ठेवतो.”

“मग काय उघडी ठेवायची? पलीकडे रस्ता आहे. एक बकरी गेली की अख्ख्या रांगेचं ध्यान बकरीत.”

“म्हणून एकाऐवजी दोन भिंती घालायच्या. मध्ये माणूस आडवा शिरेल एवढी पोकळी. बाहेरच्या भिंतीला भोकं वर, पार छपराजवळ. आतल्या भिंतीला खाली, जमिनीलगत. वारा वरून शिरेल, पोकळीतून उतरेल आणि खालून आत येईल. बकरी काही दिसणार नाही.”

मिस्त्री कोळशाच्या रेघांकडे बघत राहिले. चुलीपाशी बसलेली सासू म्हणाली, “म्हणजे उलटं धुराडं.”

“हो अम्मी, अगदी तसंच.”

“पण गरम वारा वरून आला काय नि खालून आला काय,” मिस्त्री म्हणाले, “चटका तोच.”

“वजूचं पाणी आहे ना,” सून म्हणाली. “हातपाय धुतलेलं पाणी आत्ता गटारात जातं. ते पाटातून या पोकळीत सोडायचं. तळाला विटांचे तुकडे आणि कोळसा पसरायचा, म्हणजे ओल धरून राहील. ओलीवरून आलेला वारा गार होईल. आणि जेवढी माणसं जास्त, तेवढं पाणी जास्त.”

“आणि आतली भोकं अगदी जमिनीलगत कशाला? छातीच्या उंचीला ठेवली तर?”

“नमाज आणि प्रवचन मिळून तुम्ही उभे किती असता आणि जमिनीवर किती?”

मिस्त्री हसले. त्या दिवशी त्यांनी जेवण अर्धवट टाकलं आणि अंगणात जाऊन सुक्या विटा एकावर एक रचून बघत बसले. सासूनं सुनेला सांगितलं, “आता हे झोपेतसुद्धा भिंतच बांधणार. तू जेवून घे.”

कमिटीसमोर मिस्त्रींनी हे मांडलं तेव्हा सिमेंटशेठ आधी हसले आणि मग गंभीर झाले. दोन भिंती म्हणजे विटा दुप्पट, ते एक वेळ ठीक. पण स्लॅब नाही, छतही विटांच्याच कमानींचं, म्हणजे सिमेंट जवळजवळ नाहीच.

“मिस्त्री, लोक म्हणतील यांची स्लॅब टाकायचीसुद्धा ऐपत नाही.”

“आत बसून म्हणतील ना? मग म्हणू देत.”

इमाम साहेबांनी तोडगा काढला. पुढचा अर्धा भाग मिस्त्रींनी त्यांच्या पद्धतीनं बांधावा. मागच्या अर्ध्याच्या जुन्या भिंतींवर तोवर सावलीला चटया टाकाव्यात. ऊन कडक झालं की एका शुक्रवारी सगळ्यांनी बसून बघावं. बसवलं, तर मागचा भागही तसाच बांधावा.

“आणि नाही बसवलं तर?” शेठनी विचारलं, आणि उत्तरही त्यांनीच दिलं. “तर ती दुहेरी भिंत फोडायची. माझा कंत्राटदार स्लॅब टाकेल. आणि मिस्त्री, तुम्ही आणि तुमच्या सूनबाईंनी या गावच्या बांधकामात पुन्हा तोंड घालायचं नाही.”

“कबूल,” म्हणून मिस्त्री मोकळे झाले.

घरी हे ऐकून बायको भडकली. “तुमचं नाक कापून द्यायचं तर द्या. पोरीचं का दिलंत? उद्या ती कुणाच्या गोठ्याचा नकाशा काढायला गेली तरी लोक त्या भिंतीची आठवण काढतील.”

सून म्हणाली, “जाऊ द्या अम्मी, मीही कबूलच म्हटलं असतं.” पण आत जाऊन ती पेन्सिलीला टोक काढत बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटते आहे. शहरात एक इमारत बिघडली तर माणूस दुसऱ्या गल्लीत जाऊन दुसरी बांधतो. तिला आता हे एकच गाव होतं.

काम सुरू झालं. सुनेनं गवंड्यांना थेट हुकूम सोडणं कुणाच्या पचनी पडलं नसतं, आणि तिलाही ते जमलं नसतं. म्हणून ती डोक्यावरून ओढणी घेऊन वाळूच्या ढिगापाशी उभी राहायची, हळू आवाजात अब्बांना सांगायची, आणि अब्बा तेच मोठ्यानं ओरडायचे, पदरचा एक टोमणा जोडून.

“अब्बा, त्या कमानीची डावी बाजू जरा उतरलीये.”

“अरे ए, डावी बाजू उतरलीये. डोळे सासुरवाडीला ठेवून आलास का?”

काही दिवसांतच गवंडी हुशार झाले. मिस्त्रींनी तोंड उघडायच्या आत ते वाळूच्या ढिगाकडे बघायचे आणि वीट काढून परत लावायचे. मिस्त्रींचे टोमणे मग हवेतच राहायचे, आणि ते त्यांना लागायचं.

नवरा, म्हणजे मिस्त्रींचा मुलगा, ट्रॅक्टरनं भट्टीवरून विटा आणायचा. भुवयांवर कायम लाल धूळ. तो मुळात बोलायचा कमी. बायकोच्या भिंतीवरून मित्र टिंगल करू लागले की तो काही न बोलता ट्रॉली त्यांच्या अंगाशी रिकामी करायचा आणि सगळे खोकत बाजूला व्हायचे. दुपारी विटा इतक्या तापायच्या की वाहणाऱ्या बाया हाताला पोत्याचे तुकडे गुंडाळायच्या. चुन्यानं मिस्त्रींच्या बोटांना भेगा पडल्या. जेवायला बसले की घास तोंडात जायच्या आधी भेगेत जायचा आणि झोंबायचा. बायको तेल कोमट करून त्यांच्या बोटांना चोळायची आणि म्हणायची, “नव्या नवरीचेही इतके लाड कुणी केले नसतील.” तिच्या स्वतःच्या लग्नाची तक्रार त्यात होती, पण मिस्त्री तेल लावून घेण्यात मग्न असायचे.

समोरच्या दोन्ही भिंती उभ्या राहिल्या, वर कमानी जुळल्या, वजूचा पाट पोकळीत जाऊन मिळाला. पाट पहिल्यांदा सोडला त्या दुपारी आत घरातली चौघंच होती. मिस्त्री गुडघे मोडत आतल्या भिंतीपाशी जाऊन बसले. पोकळीत पाणी मुरत गेलं.

“पायाला काहीतरी लागलं,” मिस्त्री म्हणाले.

“मुंगी असेल,” बायको म्हणाली.

“मुंगी गार नसते.”

सुनेनं आपला तळवा त्या जमिनीलगतच्या भोकासमोर धरला. वारा येत होता. दमदार नव्हता, पण ओला आणि थंड होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो तोवर भोकासमोर पालथा पडला होता आणि डोळे मिटून हसत होता. त्या दिवशी चौघंही घरी जाताना मोठमोठ्यानं बोलत होती.

आणि शुक्रवार आला. ऊन असं पडलं होतं की कुत्री भिंतीच्या सावलीला चिकटून चालत होती. गावातली सगळी पुरुष माणसं आली, काही नमाजेला आणि काही नुसती गंमत बघायला. ऐनवेळी वजूच्या पाटात वाळू अडकली. मिस्त्रींनी बाह्या वर करून ती हातानं उपसली, आणि ते आत आले तेव्हा रांगा भरून गेल्या होत्या. ते सगळ्यात मागे, चटईच्या सावलीत उभे राहिले. पाणी खळखळत पोकळीत जात होतं, एवढं त्यांना ऐकू येत होतं.

पण वारा आला नाही. नमाज सुरू व्हायच्या आधीच पाठी ओल्या झाल्या. प्रवचनात माणसं सदऱ्याच्या टोकानं वारा घेऊ लागली. इमाम साहेबांनी मोठं प्रवचन तयार करून आणलं होतं, ते त्यांना पुन्हा ‘एकमेकांना सांभाळून राहा’वर आणावं लागलं. एका म्हाताऱ्याला दोघांनी धरून झाडाखाली नेलं. नमाज संपल्याबरोबर दाराशी रेटारेटी झाली आणि मिस्त्री त्या गर्दीत मागे मागे सरकत दाराबाहेर भिंतीला जाऊन टेकले.

सिमेंटशेठनी रुमाल पिळला. “मिस्त्री, वारा वाटेत कुठं सांडला हो?”

माणसं हसली. हसणाऱ्यांत असेही होते ज्यांच्या घराचा पाया मिस्त्रींनी भरला होता.

घरी सून दारातच उभी होती. सासऱ्यांची चाल बघूनच तिला कळलं. मिस्त्रींनी पाय धुतले, चटईवर बसले, आणि मग म्हणाले, “नाही आला.”

“अजिबात नाही?”

“अजिबात.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती सासूला घेऊन मशिदीत गेली. आत चिटपाखरू नव्हतं. दोघी समोरच्या भिंतीपाशी बसल्या, आणि वारा आला. ओढणीचं टोक हलवत, घोट्यांना लागत, काही झालंच नाही अशा थाटात आला. सून उठून दुसऱ्या भोकापाशी गेली, तिसऱ्यापाशी गेली. सगळीकडे तेच. सासू म्हणाली, “हा पुरुषांना लाजतो की काय?” एरवी सून हसली असती. तिनं घरी येऊन सगळे कागद पसरले. माणसांच्या अंगाची उष्णता आपण कमी धरली, भोकं लहान पडली, पोकळी अरुंद झाली, अशी एकेक शंका ती काढायची आणि खोडायची. तिला जेवण जाईना. नवरा ताट झाकून ठेवायचा आणि संध्याकाळी तेच ताट उचलून म्हशीपुढे रिकामं करायचा.

मधल्या दिवसांत शेठचा कंत्राटदार येऊन भिंत कुठून फोडायची त्याची मापं घेऊन गेला. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, तर ते मिस्त्रींनी धरलं. कंत्राटदारानं आतल्या भिंतीवर खडूच्या मोठ्या फुल्या मारल्या आणि हात झटकत म्हणाला, “जोडणी मात्र भक्कम आहे चाचा. फोडायला त्रास होणार.” मिस्त्रींनी टेप गुंडाळून त्याच्या हातात दिली.

फक्त इमाम साहेब अडून बसले होते. “आणखी एक शुक्रवार,” ते म्हणाले. “खरं ऊन तर अजून यायचंय.” सिमेंटशेठनी खांदे उडवले. घोडामैदान जवळच होतं.

उलगडा झाला तो नळावर. मिस्त्रींची बायको पाणी भरायला उभी होती आणि कुणी भिंतीबद्दल विचारू नये म्हणून आपण होऊनच सगळ्यांशी भांडत होती. तेवढ्यात शिंप्याची बायको म्हणाली, “तुम्ही काही म्हणा चाची, तुमच्या सुनेनं एक गोष्ट लाखातली केली. आमच्या ह्यांची नवी चप्पल मशिदीतून पहिल्यांदा घरी परत आली.”

“चपलेचा आणि माझ्या सुनेचा काय संबंध?”

“भिंतीत कोनाडे नाही का ठेवलेत तिनं? खाली, अगदी डोळ्यांसमोर. आमचे हे सांगत होते, चपला तिथं ठेवायच्या आणि समोर बसायचं, चोराची काय बिशाद. सगळ्यांनी तिथंच ठेवल्या म्हणे. दाटीवाटीनं. एकही रिकामा राहिला नाही.”

चाचीनं घागर भरायची वाट पाहिली नाही. अर्धी घागर कमरेवर घेऊन ती जी निघाली, ती निम्मं पाणी रस्त्यावर सांडत घरात शिरली.

“चपला,” ती म्हणाली. धाप लागली होती. “मेल्यांनी वाऱ्याच्या तोंडात चपला कोंबल्या.”

सुनेनं समोरच्या कागदावरचं भोकांचं माप पाहिलं. मग सुनेला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली, आणि तिला थांबवता येईना. सासूनं घागर खाली ठेवून तिला जवळ घेतलं. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला.

“मला कसं सुचलं नाही? पण मी जन्मभर चप्पल बाहेर पायरीवर काढतो. चुना लागलेली चप्पल कोण नेणार?”

“आणि मी मशिदीत माणसं बसलेली कधी पाहिलीच नाहीत,” सून डोळे पुसत म्हणाली. “रिकामी पाहिली. रिकाम्या जागेचा नकाशा काढला.”

भोकांचा इलाज सोपा होता. प्रत्येकात एक-दोन विटा उभ्या बसवायच्या. हाताचा पंजा शिरेल, चप्पल शिरणार नाही, वारा येईल.

“पण मग चपला ठेवणार कुठं?” नवऱ्यानं विचारलं. तो सहसा विचारायचा नाही, म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “लोक नाहीतर दुसरं काही कोंबतील. किंवा चपलांसकट बसतील.”

“दाराजवळच्या बाजूच्या जुन्या भिंतीत कोनाडे करू,” सून म्हणाली. “खरेखुरे, चपलांचे.”

“मागे?” मिस्त्री म्हणाले. “पाठ वळली की चपला गेल्या. कुणी ठेवणार नाही.”

“मागे आम्ही बसू,” सासू म्हणाली.

तिघं तिच्याकडे बघत राहिले.

“बघता काय? त्या चटयांखाली अर्धी मशीद रिकामी पडलीये. मध्ये विटांची जाळी घाला आणि आम्हाला तिथं बसवा. आमच्या समोरून चप्पल उचलून दाखव म्हणावं कुणालाही.”

“आणि नमाज पढताना?”

“नमाजेत नजर खाली असते,” सासू म्हणाली. “चपलाही खालीच असतात.”

कमिटीपुढे हे सांगायचं कसं, हाच प्रश्न होता. झाडाखाली सगळे जमले. मिस्त्री उभे राहिले, घसा साफ केला, पण गावातल्या प्रतिष्ठित माणसांना ‘तुम्ही वाऱ्याच्या तोंडात चपला घातल्यात’ हे कुठल्या शब्दांत सांगावं, ते त्यांना सुचेना. त्यांनी नेहमीसारखं सुनेकडे पाहिलं. या वेळी ती कुजबुजली नाही. एक पाऊल पुढे आली आणि म्हणाली, “चूक माझी आहे. वाऱ्याची वाट मी नेमकी चपलेच्या मापाची ठेवली.”

थोडा वेळ कुणाला काही कळलं नाही. मग शिंपी हसला, मग न्हावी, आणि मग हसण्याची लाट अशी उठली की इमाम साहेबांनाही तोंडावर हात धरावा लागला. एकमेकांच्या चपलांची आठवण निघाली. कुणाची कुठल्या भोकात होती, कुणाच्या चपलेमुळे कुणाचा वारा अडला, यावर दोघांचं भांडणही झालं.

सिमेंटशेठ हसले नाहीत. सुनेनं दाराजवळच्या कोनाड्यांचा आणि राखणीला जाळीमागे बायकांना बसवायचा बेत सांगितला. “मशिदीत बायका?” ते म्हणाले. “हे आपल्या गावात कधी झालं नाही.”

“मनाई कधीच नव्हती,” इमाम साहेब म्हणाले. “जागा नव्हती.”

“आणि शेठ,” मिस्त्रींची बायको मागून म्हणाली, “मागच्या उन्हाळ्यात तुमचे नवे बूट गेले होते ते आठवतं का? घरापर्यंत अनवाणी गेलात. तुमच्या तळव्यांच्या फोडांची आठवडाभर गावानं चौकशी केली.”

शेठनी आपल्या पायांकडे पाहिलं. पायात नवे बूट होते. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, “नुसतं बघायला हरकत नाही. एक शुक्रवार.”

मधले दिवस घरातलं कुणी धड बसलं नाही. मिस्त्रींनी एकेका भोकात विटा स्वतः बसवल्या, जमिनीवर कुशीवर पडून, कारण गुडघ्यांवर बसवत नव्हतं. मुलानं चटयांखालच्या अर्ध्या भागात जाळीसाठी विटा ओतल्या. जाळी चढत होती तेव्हा सून वाळूच्या ढिगापाशी उभी नव्हती. ती थेट गवंड्याशेजारी बसून वीट कुठल्या कोनात ठेवायची ते हातानं दाखवत होती, आणि गवंडी मान हलवून ठेवत होता. ते पाहून मिस्त्री उगाचच एकदा ओरडले, “नीट ऐक रे ती काय सांगते ते.” पण तो आधीच ऐकत होता.

त्या शुक्रवारी मागच्यापेक्षा ऊन जास्त होतं. लोखंडी कडीला हात लावला तर फोड यावा असं. बायका एकेक करून आल्या, आधी दाराशी घुटमळल्या, मग मिस्त्रींच्या बायकोनं “या, या, आपलंच आहे” म्हणून हात धरून आत घेतल्या. तिनं नवी ओढणी घेतली होती आणि चेहरा कठोर केला होता. पुरुष येत होते, दारालगतच्या कोनाड्यांत चपला ठेवत होते, जाळीकडे एकदा चोरून बघत होते आणि पुढे जात होते. सिमेंटशेठनी बूट ठेवले आणि जाळीच्या दिशेनं मोघम म्हणाले, “काळे आहेत. नाडीचे.”

“दिसले,” आतून उत्तर आलं.

वजूचं पाणी पाटातून पोकळीत गेलं. रांगा भरल्या. मिस्त्री या वेळी पहिल्या रांगेत होते. सून जाळीमागे सासूशेजारी बसली होती आणि तिला आपल्या छातीतले ठोके मोजून दाखवता आले असते. इमाम साहेब बोलू लागले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं आपला झब्बा घोट्यांवरून जरा वर घेतला. मग शेजारच्यानं. सदऱ्याची टोकं हलवणारे हात एकेक करून मांडीवर येऊन पडले. इमाम साहेबांच्या ते लक्षात आलं असावं, कारण ‘एकमेकांना सांभाळून राहा’ यायची जागा आली आणि ते थांबले नाहीत. गेल्या कित्येक उन्हाळ्यांत सांगायचं राहिलेलं सगळं त्यांनी त्या दिवशी सांगितलं, आणि माणसांनी ते ऐकलं.

मिस्त्री सजद्यात गेले तेव्हा भोकातून आलेला वारा त्यांच्या कपाळाखालून गेला. सगळी रांग उठली, ते एक क्षण उशिरा उठले.

नमाज संपली आणि कुणीही उठलं नाही. एक तर शेठचा निकाल ऐकायचा होता, आणि दुसरं म्हणजे बाहेर ऊन होतं. सगळ्यांनी शेठकडे पाहिलं. शेठ खांबाला टेकून बसले होते, तोंड किंचित उघडं, आणि घोरत होते.

न्हावी त्यांना हलवायला पुढे झाला. इमाम साहेबांनी हातानंच नको म्हटलं. मग सगळी मशीद एका माणसाच्या जागं होण्याची वाट बघत बसली. कुणी आडवं झालं, कुणी हळू आवाजात पिकापाण्याचं बोलू लागलं. जाळीमागे एक लेकुरवाळी बाई मुलाला मांडीवर घेऊन पेंगू लागली. मिस्त्रींच्या बायकोनं तिला आपल्या खांद्याचा आधार दिला आणि सुनेच्या कानात म्हणाली, “इतकी वर्षं हे पुरुष इथून घरी येऊन आम्हाला सांगत होते, फार हाल होतात. आता दर शुक्रवारी घरी जेवण उशिरा मिळेल, सांगून ठेव तुझ्या सासऱ्यांना.”

शेठ आपल्याच घोरण्यानं दचकून जागे झाले. सगळं गाव आपल्याकडे बघतंय हे पाहून त्यांनी टोपी सरळ केली.

“मी झोपलो नव्हतो.”

“नाही, नाही,” इमाम साहेब म्हणाले. “चिंतन चाललं होतं. आम्हाला ऐकू येत होतं.”

हसू दाबायचा कुणी प्रयत्नही केला नाही. शेठही मग थोडे हसले. त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं, तिच्यावरच्या खडूच्या फुल्यांकडे पाहिलं, आणि पुढे सरकून तळहात भोकासमोर धरला.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “मागचा भाग कधी सुरू करताय?”

एवढ्या माणसांत आपले डोळे भरून आले आहेत याची मिस्त्रींना लाज वाटली, आणि ती लपवावी असंही वाटलं नाही. त्यांनी फक्त हात मागे जाळीकडे केला.

“तिला विचारा.”

रांगाच्या रांगा मागे वळल्या.

“उद्या सकाळी,” जाळीमागून सुनेचा स्वच्छ आवाज आला. “विटा मी आज पहाटेच भिजत घातल्यात.”